डावा खांदा

तातेइशीत, नाकागावा नदीच्या वळणावर
आमच्या दोन खोल्या होत्या.
एकीत आम्ही राहायचो.
दुसरीत डावे खांदे.

फक्त डावे.
उजवे समोरच्या जिन्यावरून वर जायचे, सोजीबाईंकडे.
धड कुठे व्हायचं, मुंडकं कोण बसवायचं,
मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.
सोमवारी ओकानिवा सायकलवरून पोतं टाकायचा,
शुक्रवारी मोजून न्यायचा.
खिळा घाल, स्प्रिंग दाब, टोपण लाव,
एकदा फिरवून बघ:
कट्‌.
कट्‌ आला तर पैसे.
नाही आला तर लुळ्यांचा डबा.

तो म्हणे मोठा वीर होता.
ट्रकचा माणूस व्हायचा, माणसाचा ट्रक,
आणि पोरांना वाचवायचा, कशापासून कोण जाणे.
मला तो तीनशे सात या आकड्यानेच ठाऊक.
भात होईतो चाळीस व्हायचे.
लेक तापाने फणफणत मांडीवर असली
की जेमतेम पंचवीस.
नवरा साच्यांच्या कारखान्यातून यायचा तेलाचा वास घेऊन,
झोपेत माझा दंड चाचपायचा,
"कट्‌ आला का गं?"

मग काम दुसऱ्या देशात गेलं.
ओकानिवा एका शुक्रवारी आला तो टोपी हातात घेऊन,
दारातच वाकला,
जरा जास्तच वाकला.
उरलेले एकोणीस खांदे त्याने मोजले नाहीत.

आता शनिवारी मी वॉर्डाच्या सभागृहात बसते,
खेळण्यांच्या दवाखान्यात.
आम्ही चौघं डॉक्टर,
वयांची बेरीज तीनशेच्या वर.
घसा बसलेले ससे येतात,
एकच सूर धरून बसलेला पियानो येतो.
परवा रित्सु आला, वय वर्षं सात,
आईच्या मामाचं खेळणं टॉवेलात गुंडाळून.
"अडकलाय," म्हणाला.

मी तो पहिल्यांदा पाहिला.
अख्खा असा नाहीच:
छातीतून काच निघालेली, पोटऱ्यांना चाकं,
तोंड अर्धं आत,
उजवा हात वर,
आणि डावा
ना हात, ना दार.
एवढासा!
चाळीस वर्षं माझ्या मनात तो जिन्याएवढा होता.

"ट्रक असतो तेव्हा हा कुठे जातो?" रित्सुने विचारलं.
"आत," मुराकोशी म्हणाले, चष्मा पुसत.
"आत ट्रकच असतो. मी उघडून बघितलंय."
मुराकोशींनी चष्मा पुन्हा पुसला.

मी भिंगाखाली धरला.
स्प्रिंग उलटी.
झिजून, पडून झालेली नव्हे,
पहिल्या दिवसापासूनच उलटी.
कुणीतरी कट्‌ची वाट न बघता
पुढच्या ढिगात ढकललेला.
सोजीबाईंवर घालायची सोय नव्हती.
त्या उजव्या.

रित्सुची आई म्हणाली,
"मामाचा पहिल्यापासून असाच होता.
मामा सांगायचा, याला लढाईत खांद्यात लागलंय,
बदलताना दुखतं, हळू घ्यायचं.
आम्ही सगळी भावंडं हळू घ्यायचो.
फुंकर घालायचो."

मी काही बोलले नाही.
माझी बोटंही आता सकाळी उघडत नाहीत पटकन,
गरम पाण्यात धरावी लागतात, मग हात होतात.

"नीट करू?" मी विचारलं.
रित्सुने बराच वेळ घेतला.
त्याने आईकडे पाहिलं, खेळण्याकडे पाहिलं,
मग मान हलवली,
आणि मी विचार करत राहिले ती हो होती की नाही.
"करा," आई म्हणाली.

टोपण काढलं. स्प्रिंग फिरवली.
खिळा तोच ठेवला, माझाच होता.
रित्सुच्या हातात दिला. त्याने हात वळवला.
मला ऐकू आलं नाही,
कान गेल्याला सहा वर्षं झाली, डावा तर ठारच.
पण त्याच्या भुवया वर गेल्या,
त्यावरून कळलं.

त्याने ट्रक केला. माणूस केला. ट्रक केला.
चौथ्यांदा खांद्याशी आला तेव्हा थांबला,
सवयीने फुंकर घातली.

दवाखान्याच्या कागदावर एक रकाना असतो:
बिघाडाचं कारण.
मी लिहिलं, ताप.
खोडलं.
लिहिलं, लढाई.